वाढणाऱ्यानेही बसावं

हॉटेलात आपण बसून जेवतो, वाढणारा मात्र उभा असतो. दुपारची गर्दी ओसरली की थोडी मोकळीक, मग संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पुन्हा पाळी. आपल्या वस्त्यांतली अनेक मुलं-मुली हे काम करतात, म्हणून आज त्यांच्या पायांविषयी बोलू.

चालताना पोटरीचे स्नायू रक्त हृदयाकडे वर ढकलतात. एका जागी तासन्‌तास उभं राहिलं की ते शिरांत साचतं. पाय जड होतात, घोटे सुजतात, पोटरीवर निळ्या, गाठाळ शिरा दिसतात. यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. दुर्लक्ष केलं तर घोट्याजवळची कातडी काळवंडते, जखम झाल्यास लवकर भरत नाही. एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरा त्रास पाण्याचा. लघवीला जायला सवड नाही म्हणून अनेकजण पाणीच कमी पितात. त्यातून मूतखडा आणि लघवीचा संसर्ग होऊ शकतो.

उभ्या-उभ्या टाचा वर-खाली कराव्यात, मोकळ्या वेळेत पाय उशीवर ठेवून पडावं. पण हे उपाय विश्रांतीची जागा घेऊ शकत नाहीत, आणि विश्रांती ही मालकाची मेहरबानी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ केंद्रात मजूरमंत्री होते. त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही ४८ तासांचा आठवडा, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मजुरी आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकाने-आस्थापनांतल्या कामगारांना बसायची सोय कायद्याने दिली. आपल्या संघटनांनी ही मागणी इथेही लावून धरावी.

पगारातून राज्य कामगार विम्याचे पैसे कापले जात असतील, तर विमा क्रमांक मागून घ्या. त्यावर कुटुंबालाही उपचार मिळतात. ठरावीक वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते.

आणि एक सवय लावून घ्या. कामावर आल्याची आणि सुटल्याची वेळ रोज वहीत लिहा. उद्या कामगार अधिकाऱ्यासमोर उभं राहायची वेळ आली, तर ती वही तुमच्या बाजूने बोलेल.