दाराच्या चौकटीवरचे आकडे

धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात शिरा आणि कुणाच्याही घराची दर्शनी भिंत नीट वाचा. हो, वाचाच. दाराच्या वर ग्रामपंचायतीचा घर क्रमांक असतो, कुठे पत्र्याच्या पाटीवर, कुठे नुसत्या रंगानं लिहिलेला. चौकटीवर जनगणनेचा गेरूनं लिहिलेला, पुसटलेला आकडा असतो आणि त्याच्या शेजारी कंसात आणखी एक. खाली खडूचा बाण आणि तारीख. विजेच्या बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक. या आकड्यांचा एकमेकांशी काही मेळ नसतो. मला आधी हा गोंधळ वाटायचा. मग कळलं की प्रत्येक आकडा त्या घराला वेगळा प्रश्न विचारून गेलेला आहे, आणि घरानं प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलेलं आहे.

सुरुवात गावाच्या नावापासूनच करू. 'धामणगाव'ला 'रेल्वे' हे शेपूट का? कारण नुसतं धामणगाव म्हटलं तर पत्र भलतीकडे जाईल. याच अमरावती जिल्ह्यात धामणगाव गढी आहे, बुलढाण्यात धामणगाव बढे आहे. चांदूरचं तसंच: एक चांदूर रेल्वे, दुसरं चांदूर बाजार. मंगरूळ म्हणाल तर आमच्या तालुक्यातलं मंगरूळ दस्तगीर, नांदगावकडचं मंगरूळ चव्हाळा आणि वाशीमचं मंगरूळपीर. गढी, बाजार, पीर, रेल्वे: त्या गावात लांबून ओळखू येणारं जे काही होतं, तेच गावाचं आडनाव झालं. भुसावळहून निघालेला लोहमार्ग १८६७मध्ये नागपूरला पोचला. त्या रुळांनी वऱ्हाडातल्या दोन गावांना कायमचं आडनाव देऊन टाकलं. आणि इथेही एक गंमत आहे. स्टेशन धामणगावचं, पण पोलीस ठाणं दत्तापूरचं, आणि मूळचं गाव आता 'जुना धामणगाव' म्हणून बाजूला बसलेलं.

पाकिटावर आपण 'मु. पो.' लिहितो. हा नुसता रिवाज नाही, त्यात माहिती आहे. गावात स्वतःचं पोस्ट ऑफिस असेल तरच मुक्काम आणि पोस्ट एकत्र येतात. नसेल तर 'मु. अमुक, पो. तमुक' अशी फारकत करावी लागते. म्हणजे दोन अक्षरांच्या जागेवरून कळतं की गावात टपाल येतं, की गावाला शेजाऱ्याच्या दारातून टपाल उचलावं लागतं. त्याखालचा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि त्यामागचं डोकं एका मराठी माणसाचं होतं: श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. धामणगाव रेल्वेचा पिन ४४४७०९. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. तीन चौके एकत्र आले की तुम्ही वऱ्हाडात आलात. शेवटचे तीन अंक वितरण करणाऱ्या टपाल कचेरीचे. तिथे पिन थांबतो. पुढचं काम पोस्टमनच्या डोक्यातल्या नकाशाचं.

तो नकाशा कसा असतो? गावात कुणालाही विचारा. "कोनाचं घर पाह्यजे जी? मारोतीच्या पारापासून सिद्दे जा, मंग डाव्या हाताला निंबाखाली म्हैस बांधली हाय, थेच." या पत्त्यात एकही आकडा नाही आणि माणूस नेमका पोचतो. फक्त म्हैस विकू नये.

आता दारावरची पाटी. ग्रामपंचायतीकडे एक वही असते, 'नमुना ८', म्हणजे कर आकारणीची नोंदवही. पाटीवरचा क्रमांक त्या वहीतला. तिला एकच गोष्ट हवी असते: घरपट्टी किती? म्हणून तिच्यात मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, लांबी-रुंदी आणि बांधकाम मातीचं की पक्कं, हे सगळं येतं. गोठ्याला क्रमांक मिळतो, बखळ जागेलाही मिळतो, कारण कर त्यांच्यावरही बसतो. दर चार वर्षांनी आकारणी नव्यानं होते. हे फक्त आपल्याकडचं नाही. व्हिएन्नात १७७०च्या सुमारास घरांना आकडे घातले ते पत्रं पोचावीत म्हणून नव्हे, सैन्यभरतीसाठी. जगभर घराचा क्रमांक आधी सरकारला लागतो, पाहुण्याला नंतर. आणि एक गोष्ट गावोगावच्या लोकांनी मनात पक्की धरावी: नमुना ८वर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे. ती कराची वही आहे. आमच्याकडे कितीतरी भाऊबंदकीची भांडणं याच गैरसमजातून उभी राहतात.

गेरूच्या आकड्यावर मात्र माझं खरं प्रेम आहे. जनगणनेला मराठीत दोन जुने शब्द आहेत, शिरगणती आणि खानेसुमारी. एक डोकी मोजतो, दुसरा घरं; फारसीत खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजणी. वऱ्हाडची पहिली शिरगणती १८६७ची, म्हणजे ज्या वर्षी गाडी नागपूरला पोचली त्याच वर्षीची. आजही डोकी मोजण्याआधी घरांची यादी होते, आणि त्या यादीचं व्याकरण थक्क करणारं आहे. प्रगणक आधी आपल्या भागाचा नजरी नकाशा काढतो. पक्क्या इमारतीला चौकोन, कच्चीला त्रिकोण. राहती नसेल तर आत रेघा मारायच्या. एखाद्या लहान मुलानं काढावा तसा हा नकाशा, पण त्यात अख्खं गाव मावतं. मग क्रमांक घालायचे. दहा नंबरच्या वाड्यात स्वतंत्र दारांची दोन घरं असतील तर १०(१) आणि १०(२). आणि क्रमांक घालून झाल्यावर दहा आणि अकराच्या मधे राहून गेलेली एखादी झोपडी सापडली तर ती १०/१. कंस म्हणजे एका इमारतीच्या पोटातलं घर, तिरकी रेघ म्हणजे शेजारी नव्यानं सापडलेलं. एका चिन्हाच्या फरकात घराची सगळी हकिगत.

त्याहून सुंदर नियम पुढे आहे. कुटुंब कशाला म्हणायचं? जनगणना रक्ताचं नातं विचारत नाही, जमिनीची वाटणी विचारत नाही. स्वयंपाक एकत्र होतो का, एवढंच विचारते. चूल एक तर कुटुंब एक. एका छपराखाली दोन भाऊ वेगवेगळ्या चुलींवर भाकरी थापत असतील तर ती दोन कुटुंबं. वाटणीला आमच्याकडे 'चूल वेगळी झाली' म्हणतात. सरकारची व्याख्या आणि आजीची व्याख्या इथे शब्दशः एक आहे.

खडूच्या खुणा पल्स पोलिओच्या. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या बाळांना डोस मिळाला तर इंग्रजी 'पी' अक्षर, एखादं राहिलं असेल तर फुली. बाण पुढचं घर कोणतं ते सांगतो. एका पावसात धुऊन जाणाऱ्या या पत्त्यानं देशातला पोलिओ हुडकून काढायला मदत केली.

एवढे आकडे असूनही घराची जमीन मात्र वर्षानुवर्षं कागदावर मुकी होती. शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला सातबारा नाही. मोठ्या गावांच्या गावठाणांची भूमापनं झाली, पण दोन हजारांच्या आतली गावं राहून गेली. महसुली नकाशात त्यांचं गावठाण म्हणजे एक रिकामा ठिपका, आत कुणाचं काय ते दिसत नाही. ते चित्र बदलायला महाराष्ट्रात सुरुवात झाली ती पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात, ड्रोननं गावठाण मोजण्याच्या प्रयोगातून. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोन उडवण्याआधी लोकांनी स्वतःच आपल्या हद्दींवर चुन्याच्या रेघा ओढायच्या असतात. ही गोष्ट मला फार भावते. आकाशातल्या यंत्राला शेवटी शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी मिळून ओढलेली फक्कीची रेघच वाचावी लागते. त्यावरून नकाशा, मग जागेवर चौकशी, मग मिळकत पत्रिका आणि सनद.

पत्त्यात आकड्यांइतकीच नावंही बोलतात, आणि काही नावं अपमान करतात. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलून समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२०मध्ये घेतला. पाकिटावर आपली जात लिहिल्याशिवाय पत्र घरी येत नाही, हे कितीतरी पिढ्यांनी सोसलं. पत्त्याच्या नियमांमध्ये नावं बदलण्याच्या या निर्णयापेक्षा न्याय्य नियम मला माहीत नाही.

गावाबाहेर पडा, म्हणजे खरा अंधार सुरू होतो. पांधणीनं वावरात गेलात की तिथे ना पाटी ना आकडा. सातबाऱ्यावर गट नंबर आहे, पण तो धुऱ्यावर कुठे लिहिलेला नसतो. 'नाल्याकाठचं वावर', 'ई-क्लासच्या पलीकडलं वावर' ही नावं घरच्यांना ठाऊक. रात्रीच्या लाइनीवर ओलित करताना पायाला साप चावला आणि १०८ला फोन लावला, तर रुग्णवाहिका यायची कुठे?

न्यूझीलंडनं याला एक देखणं उत्तर शोधलं. तिथे खेड्यातल्या घराचा क्रमांक म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं मीटरमधलं अंतर भागिले दहा. विषम आकडा डाव्या हाताला, सम उजव्या. धामणगावहून निघणाऱ्या रस्त्यावर असं ७४२ नंबरचं वावर असतं तर न विचारता कळलं असतं: ७.४२ किलोमीटर जा, उजवीकडे बघा. मधे नवं घर उभं राहिलं तरी त्याचा आकडा आधीपासूनच तयार, १०/१ करायची गरजच नाही. पण हे रस्त्यालगतच्या घरांपुरतं. आपली वावरं रस्त्यापासून आत, पांधणीच्या टोकाला.

म्हणून मला डिजीपिनचं अप्रूप वाटतं. टपाल खात्यानं आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राबरोबर तयार केलेली ही पद्धत मे २०२५मध्ये खुली झाली. भारताभोवती, समुद्रासकट, ३६ अंशांचा एक मोठा चौकोन कल्पा. त्याचे चार गुणिले चार असे सोळा तुकडे करा, प्रत्येकाला एक अक्षर द्या. मग त्या तुकड्याचे पुन्हा सोळा. असं दहा वेळा. अक्षरं २ ते ९ हे अंक आणि सी, एफ, जे, के, एल, एम, पी, टी. शून्य आणि एक वगळलेले आहेत. ही अक्षरं ओळीनं मांडलेली नाहीत. मधल्या २पासून घड्याळाच्या उलट दिशेनं ती गोगलगायीच्या शंखासारखी बाहेर उलगडत जातात. पहिल्या पायरीला धामणगाव '३'च्या घरात पडतं, दुसऱ्या पायरीला 'पी'च्या. हा 'पी' अडीचशे किलोमीटर उंचीचा, त्यात अमरावती, वर्धा, नागपूर सगळीच येतात. पण आणखी आठ पायऱ्या उतरलात की चौकोन चार मीटरांवर येतो, विहिरीच्या काठाएवढा. असे चौकोन एकूण एक लाख नऊ हजार नऊशे एक्कावन्न कोटींहून जास्त. त्यांत तुमची बाज टाकलेली जागा आहे, मोटारीची पेटी आहे, बैल बांधायचा खुंटा आहे. या पत्त्याला मालक नाही, जात नाही, कर नाही. तो फक्त 'कुठे' एवढंच सांगतो, आणि त्यावरून अक्षांश-रेखांश पुन्हा काढता येतात.

तेव्हा वऱ्हाडातल्या माझ्या शेतकरी वाचकांनो, एक काम करा. पुढच्या खेपेला वावरात जाल तेव्हा विहिरीजवळ उभं राहून मोबाइलवर त्या जागेचा डिजीपिन काढा. स्टार्टरच्या पेटीवर पांढऱ्या रंगानं ती दहा अक्षरं ठळक लिहा, त्याखाली १०८ लिहा, आणि घरातल्या बाईमाणसांना, पोरांना, सालदाराला ती तिथे आहेत हे दाखवून ठेवा.