पडद्यावरचा गड

संगणकाच्या पडद्यावर डोंगर उभा करणे आता अवघड राहिलेले नाही. बेन्वा मँडेलब्रॉ यांनी १९७५ साली ज्या आकृत्यांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले, त्यांच्या गणिताची ही किमया होय. लॉरेन कार्पेंटर यांनी १९८० मध्ये त्याच आधारावर पर्वतांवरून भरारी घेणारा दोन मिनिटांचा चित्रपट करून दाखविला.

मग धुके, शेवाळ, मावळतीचा प्रकाश यांवर कलावंत कितीतरी दिवस खर्च करतो. परंतु शिखरावर ‘मध्ययुगीन’ म्हणून जो किल्ला तो बसवितो, तो पुष्कळदा बव्हेरियातील नॉयश्वानस्टाइनची नक्कल असतो. आणि त्या वास्तूची पायाभरणी झाली १८६९ साली! दुसऱ्या लुडविग राजासाठी तिची कल्पनाचित्रे रेखाटली ती क्रिस्टियान यांक या रंगभूमीच्या नेपथ्यकाराने. म्हणजे ही नेपथ्याचीच नक्कल झाली. मनोरे देखणे आहेत, याबद्दल वाद नाही.

खरा मध्ययुगीन किल्ला मात्र भीतीपोटी बांधला जाई. सीरियातील क्राक दे शव्हालिए पाहावा: तटाचा ढाळदार पायथा, वळणाची प्रवेशवाट, पाण्याची टाकी, या सर्वांमागे वेढ्याची धास्ती आहे. पडद्यावरच्या गडाला शत्रूच नसतो. शेवाळाचा आणखी एक थर चढविण्यापूर्वी, तेथील शिबंदी पाणी कोठून भरीत असे, एवढे तरी कलावंताने ठरवावे.