पाडव्याची गाडी, पाडव्याआधी विक्रीला

पाडवा चार दिवसांवर आलाय. कोल्हापूरजवळ महामार्गाला लागून असलेल्या या शोरूमच्या दर्शनी भागात पाय ठेवायला जागा नाही. काचेआड नव्या गाड्या झेंडूच्या माळा घालून उभ्या आहेत, टेबलांवर पेढ्यांचे बॉक्स आहेत आणि डिलिव्हरी मुहूर्तावरच मिळावी म्हणून लोक हट्टाला पेटलेत. मागे, वॉशिंगच्या रॅम्पशेजारी एक पत्र्याची शेड आहे. जुन्या गाड्यांची किंमत तिथे ठरते. आम्ही तिथे उभे आहोत.

गाडी माझ्या प्राध्यापक मित्राची. पांढरी पेट्रोल हॅचबॅक, गेल्या पाडव्याला, ३० मार्च २०२५ ला घेतलेली. ११ हजार किलोमीटर चाललीय. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना वाकून आत बसणं जमेना, म्हणून आता उंच गाडी हवी. "वर्षच तर झालंय, साडेसात तरी येतील," असं मित्र वाटेत दोनदा म्हणालाय. वहिनी बँकेत नोकरीला आहेत. त्या आकडा बोलत नाहीत, फक्त कागदांची फाइल छातीशी धरून उभ्या आहेत.

इव्हॅल्युएटर म्हणजे पंचविशीचा एक शांत मुलगा. गाडीकडे बघायच्या आधी तो आरसी मागतो, कार्ड उजेडात तिरकं धरतो आणि विचारतो, "सर, गाडी कधी घेतली?"

"गेल्या पाडव्याला. पंचवीसची आहे."

"रजिस्ट्रेशन पंचवीसचं आहे. बनावट नोव्हेंबर चोवीसची." कार्डावरच्या महिना-वर्षाच्या रकान्यावर तो नख ठेवतो. मित्र वाकून बघतो. वर्षभर हे कार्ड त्याच्या पाकिटात आहे.

"तेव्हा सूट चांगली दिली होती त्यांनी," तो म्हणतो.

"त्यासाठीच दिली असणार की," मुलगा हसून म्हणतो. "पुढचा गिऱ्हाईक चोवीसचं मॉडेल म्हणूनच बघणार."

आता तो गाडीभोवती फिरू लागतो. हातात काडेपेटीएवढं यंत्र आहे. ते पत्र्याला टेकवलं की रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये दिसते. बॉनेट ११२. उजवं पुढचं दार ११८. छप्पर १०९. डावं मागचं दार २८७. तो थांबतो आणि त्याच दारावर आणखी तीन ठिकाणी यंत्र टेकवतो. २९४, २८१, ३०२. मित्र माझ्याकडे बघतो.

"रिक्षा घासली होती, सीबीएसजवळ," वहिनीच सांगून टाकतात. "इन्शुरन्समधून केलंय."

"रंगच दिलाय मॅडम, पुट्टी नाही. पुट्टी असती तर आकडा आणखी कितीतरी वर गेला असता." तो दार उघडतो, चौकटीवरचं रबराचं बीडिंग बोटानं ओढून बाजूला करतो आणि खालच्या पत्र्यावरचे वेल्डिंगचे गोल ठिपके मोबाइलच्या उजेडात तपासतो. ठिपके एकसारखे, कंपनीचेच आहेत. पिलर शाबूत आहे. मग बॉनेट उघडून बोल्टवरचा रंग पान्यानं उडालाय का ते बघतो. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचतो, ४०२४, म्हणजे २०२४ च्या चाळिसाव्या आठवड्यातला. पाचही टायर त्याच सुमाराचे. डॅशबोर्डखाली स्कॅनर जोडून किलोमीटर ताडतो, सर्व्हिसच्या नोंदीशी जुळवतो. सगळं ठीक. "गाडी मस्त ठेवलीय सर," असं तो मनापासून म्हणतो. मित्राचा चेहरा खुलतो.

आत टेबलाशी बसल्यावर आकडा येतो. सहा लाख पस्तीस.

मित्र आधी काहीच बोलत नाही. मग फाइलमधून विम्याची पॉलिसी काढून टेबलावर ठेवतो. "हे बघा. आयडीव्ही सात लाख साठ हजार. विमा कंपनीनं लिहून दिलंय."

मुलानं हा कागद रोज बघितलेला असणार. "सर, ती किंमत गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर क्लेमसाठी. तिला ठरलेलं कोष्टक आहे. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०. तुमची पॉलिसी गाडी कोरी असताना निघाली, म्हणून आठ लाखांतून पाचच टक्के गेले. बाजार त्या कोष्टकावर चालत नाही."

"मग कशावर चालतो?" वहिनी पहिल्यांदाच विचारतात.

तो कोऱ्या कागदावर उलट्या बाजूनं हिशेब मांडतो. मित्रानं गाडी घेतली तेव्हा एक्स-शोरूम ८ लाख होती आणि तिच्यावर २८ टक्के जीएसटी, वर १ टक्का सेस होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि सेस गेला. तीच गाडी आज पुढच्या काउंटरवर ७ लाख ३२ हजारांना आहे. त्यावर ११ टक्के रोड टॅक्स, विमा, किरकोळ खर्च धरून ऑन-रोड साडेआठ लाख. "आता मला सांगा मॅडम, साडेआठला कोरी मिळत असताना चोवीसच्या बनावटीची, एक नाव लागलेली गाडी माणूस कितीला घेईल? सव्वा लाख वाचल्याशिवाय वळत नाही. म्हणजे सव्वासात. त्यातून आमचं पॉलिश, नाव-ट्रान्सफर, वॉरंटी, विकेपर्यंत अडकलेला पैसा, आमचा नफा आणि त्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी. ऐंशी हजार धरा. राहिले सहा पंचेचाळीस. दाराचे दहा गेले."

मित्रानं साडेनऊ लाख मोजले होते. त्यातले ८८ हजार रोड टॅक्सचे, अडतीस हजार विम्याचे, बाकी सीट कव्हर, मॅट, वाढीव वॉरंटी. यातलं काहीच या कागदावर दिसत नाही. सप्टेंबरमध्ये कर उतरला तेव्हा पेपरातल्या बातमीवर मित्र खूश झाला होता. आपल्या अंगणातल्या गाडीचे अडुसष्ट हजार त्याच दिवशी गेले, हे त्याला आज कळतंय.

वहिनी फाइलमधून कर्जाचं स्टेटमेंट काढतात. सात लाखांचं कर्ज, सात वर्षांची मुदत, ९ टक्के व्याज. हप्ता ११,२६२. बारावा नुकताच गेलाय. वर्षभरात १ लाख ३५ हजार भरले, त्यातून मुद्दल फिटली जेमतेम पंच्याहत्तर हजार. बाकी ६ लाख २५ हजार. मुदतीआधी कर्ज मिटवायचं शुल्क वेगळं. त्या बोलत नाहीत, नुसती पेन्सिलनं एक रेघ मारतात. गाडी देऊन हातात शून्य. सुरुवातीचे रोख अडीच लाख आणि हप्त्यांचे १ लाख ३५ हजार मिळून ३ लाख ८५ हजार भागिले ११ हजार किलोमीटर. पस्तीस रुपये किलोमीटर, पेट्रोल सोडून.

एवढ्यात पुढच्या काउंटरचा सेल्समन येतो. त्याचा आवाज गोड आहे. "सर, एक्स्चेंज बोनस पंचवीस हजार आहे, पाडव्यापुरताच. म्हणजे सहा साठ झाले की!"

"जुनी गाडी न देता नुसती नवी घेतली, तर सूट किती?" वहिनी विचारतात.

"ते... वेगळं बघावं लागेल, मॅडम."

"बघा ना. आम्ही थांबतो."

तो जातो आणि परत येऊन सांगतो, "वीस हजारांपर्यंत करता येईल." वहिनी कागदावर २५ च्या खाली २० लिहितात आणि वजाबाकी करतात. मित्र ते पाच हजार बराच वेळ बघत राहतो.

शेडच्या पलीकडच्या रांगेत वेगळंच दृश्य आहे. जयसिंगपूरहून आलेले एक निवृत्त गृहस्थ मुलीबरोबर वर्षभर वापरलेली अशीच एक गाडी न्याहाळतायत. काचेवर सात लाख वीस हजारांचं स्टिकर. मुलगी विचारते, "टॅक्स परत भरावा लागंल का ओ?" विक्रेता सांगतो, रोड टॅक्स एकदाच असतो, पहिल्या मालकानं भरलाय, महाराष्ट्रात गाडी राहिली तर पुन्हा नाही. निपाणी-बेळगावला न्यायची असेल तर एनओसी आणि कर्नाटकचा कर. थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला तीन वर्षांचा येतो, त्यातली दोन शिल्लक आहेत. गृहस्थ मान डोलावतात आणि चष्मा वर सरकवून आरसीवरचा बनावटीचा महिना वाचतात. कुणीतरी त्यांना हे आधी सांगून ठेवलेलं दिसतंय.

मित्र इव्हॅल्युएटरला शेवटचं विचारतो, "अजून तीन वर्षं ठेवली तर?"

"घसरण चालूच राहणार सर, पण पहिल्या वर्षाएवढी नाही. ज्यानं पहिलं वर्ष सोसलं, त्यानं पुढची फुकट घालवू नयेत." मुलगा कागद उलटा करून पुढे सरकवतो. "आणि आजोबांसाठी सीट उंच करायची उशी मिळते. मागच्या दुकानात."

वहिनी फाइल बंद करतात. गाडी विकायची नाही, हे त्यांनी गाडीत बसायच्या आधीच ठरवलंय.

पाडव्याला गाडी घेणाऱ्यांना एवढंच सांगायचंय. पैसे भरण्याआधी बनावटीचा महिना विचारा आणि सूट मिळतेय ती कशाबद्दल, हे समजून घ्या. जुन्या गाडीची किंमत आणि नव्या गाडीची सूट दोन वेगळ्या कागदांवर लिहून मागा, बोनस मधे आणू देऊ नका. गाडी दिलीच तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून विसरू नका, आरसीवर नवं नाव चढल्याचा पुरावा हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. नो क्लेम बोनस साठला असेल तर तो गाडीचा नाही, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. आणि चार-पाच वर्षं तीच गाडी वापरायची तयारी नसेल, तर कोरी घेऊच नका. दुसऱ्यानं वर्षभर वापरलेली, नीट तपासलेली घ्या. पहिल्या वर्षाचा खर्च त्यानं केलेला असतो.