मुलांना सायन्स सेंटरला घेऊन जाताय? मग 'सगळं बघायचं' हा हट्ट आधी सोडा!

सुट्टी लागली, मामाकडे किंवा काकाकडे मुलं जमली की मुंबईत एक बेत हमखास ठरतो. राणीची बाग झाली, गेटवे झाला, आता वरळीचं नेहरू सायन्स सेंटर. सकाळी निघायचं, दुपारपर्यंत सगळं बघून घ्यायचं आणि संध्याकाळी चौपाटी.

बेत छानच असतो. पण दुपारी दोनच्या सुमारास चित्र वेगळं दिसतं. आई बोर्ड वाचतेय, बाबा "चला चला, अजून एक दालन राहिलंय" म्हणतायत आणि सात वर्षांच्या पोराने जमिनीवर बसकण मारलीय.

यात पोराचा दोष नाही. या थकव्याला शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालंय. अमेरिकेतल्या बोस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली 'म्युझियम फटीग' या नावाचा लेखच लिहिला होता. वस्तू नीट दिसावी म्हणून बघणाऱ्याला किती वाकावं लागतं, हे त्यांनी चक्क फोटो काढून दाखवलं. मोठ्या माणसाची ही गत, तर लहान मुलांचं काय सांगावं!

नेहरू सायन्स सेंटरमध्ये ५०० हून जास्त हाताळता येण्याजोगी प्रदर्शनं आहेत. चार तास म्हणजे २४० मिनिटं. सगळं बघायचं ठरवलं तर एकेकाच्या वाट्याला अर्धं मिनिटही येत नाही, आणि यात चालण्याचा, पाणी पिण्याचा, 'शू आली'चा वेळ धरलेलाच नाही.

मुळात ही जागा 'बघण्यासाठी' नाहीच. नेहमीच्या संग्रहालयात 'हात लावू नये' अशी पाटी असते, इथे हात लावला नाही तर काहीच घडत नाही. ही कल्पना जगभर गाजवली ती फ्रँक ओपनहायमर यांनी. अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. राजकीय चौकशीमुळे विद्यापीठातली नोकरी गेली, मग त्यांनी कोलोरॅडोत गुरं पाळली, गावातल्या शाळेत शिकवलं आणि १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्सप्लोरेटोरियम' सुरू केलं. वरळीत १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरच्या प्रदर्शनाने सुरुवात झाली, १९७९ मध्ये बाहेरची विज्ञान बाग आली आणि ११ नोव्हेंबर १९८५ ला पूर्ण केंद्र खुलं झालं.

मग थांबायचं कुठे?

जिथे मूल थांबेल तिथे. उदाहरण म्हणून अशा बहुतेक केंद्रांच्या बागेत असणाऱ्या त्या दोन मोठ्या थाळ्या घ्या. समोरासमोर, बऱ्याच अंतरावर उभ्या केलेल्या. एकीपाशी कुजबुजलं की दुसरीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकू येतं, मधून चालणाऱ्यांना मात्र नाही.

मुलं आधी काय करतात? ओरडतात. मग कुणीतरी भलतीकडे तोंड करून बोलतं आणि काहीच ऐकू येत नाही. मग डोकं थोडं पुढे, थोडं मागे, थोडं खाली घेत घेत अचानक ताईचा आवाज कानात येतो. त्या क्षणी मुलाने थाळीचा केंद्रबिंदू स्वतः शोधलेला असतो. त्या बिंदूपाशी निघालेला आवाज थाळीवर आपटून सरळ, समांतर जातो. समोरची थाळी तो गोळा करून तिच्या केंद्रबिंदूवर आणून टाकते. घराच्या छतावरची टीव्हीची छत्री हेच काम करते, म्हणून तर तिच्यासमोर दांडीवर तो छोटा डबा बसवलेला असतो. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनाही याच तत्त्वावर आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करतात.

हे सगळं शोधायला मुलाला दहा मिनिटं लागतात. बोर्ड मोठ्याने वाचून दाखवला तर एक मिनिट लागतं, आणि शोधायचं काही उरतच नाही.

समजावता कुणाला?

याचा अर्थ पालकांनी गप्प बसावं असा नाही. "आता मागे सरकून बघ बरं" किंवा "मघाशी का ऐकू आलं नसेल?" एवढं विचारलं तरी खेळ पुढे सरकतो. पण इथे एक गोष्ट पालकांच्या लक्षातही येत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या मुलांच्या संग्रहालयात संशोधकांनी कुटुंबांचं निरीक्षण केलं, २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मुलं आणि मुली दोघंही प्रदर्शनं तितक्याच उत्साहाने हाताळत होती, पालक दोघांशीही बोलत होते. मात्र 'हे असं का होतं' हे समजावून सांगण्याची शक्यता मुलींपेक्षा मुलांच्या बाबतीत तिप्पट होती. आणि ही मुलं होती एक ते आठ वर्षांची!

आपल्याकडे दादा आणि ताई एकत्र गेले की हँडल कोण फिरवतं आणि बाजूला पर्स धरून कोण उभं राहतं, हे एकदा बघावं. पाळी लावली तरी बराच फरक पडतो.

निघण्याआधी

पहिला घोळ नावाचा. वरळीतच नेहरू तारांगण आहे आणि टॅक्सीवाला तिकडे नेऊन सोडू शकतो. तारांगण डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर, सायन्स सेंटर डॉ. ई. मोझेस रोडवर. दारं वेगळी, तिकिटं वेगळी. दोन्ही एकाच दिवशी करायचा मोह आवरलेला बरा. लोकलने महालक्ष्मी जवळ पडतं आणि मेट्रो ३ वर आता 'सायन्स सेंटर' नावाचं स्थानकच आहे.

दिवाळीनंतर शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो. त्या काळात दार उघडताच पोहोचलेलं उत्तम, नाहीतर एकेका हँडलमागे चाळीस मुलांची रांग. खास शो असतील तर त्यांची वेळ आणि तिकीट तिकीट खिडकीवरच विचारून घ्यावं आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवावा. ऊन चढायच्या आत बाग, मग आतली दालनं. रोज शेकडो हात लागतात म्हटल्यावर कुठल्याही केंद्रात दोन-चार यंत्रं 'दुरुस्तीसाठी बंद' असणारच. तेवढ्यावरून चिडचिड नको. अगदी लहान मुलं अंधाऱ्या खोलीला किंवा ठिणगीच्या आवाजाला घाबरतात, त्यांना ओढत आत नेऊ नये.

आजी-आजोबा सोबत असतील तर बागेतली जुनी ट्राम त्यांच्यासाठी राखून ठेवावी. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. त्याआधी तिच्यातून फिरलेला माणूस घरात असेल, तर तिथे बोर्ड वाचायची गरज नाही.

मुंबई लांब पडत असेल तर नागपूरला रमण विज्ञान केंद्र, पिंपरी-चिंचवडला सायन्स पार्क आणि गोव्यात मिरामारला गोवा विज्ञान केंद्र आहे.