एक घर, दोन पंचांगे?

सण म्हटला की आनंद, असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्या घरात वडील मराठी आणि आई तेलुगू, तेथे सणासोबत एक प्रश्नही येतो : यंदा कोणाकडे? आमच्या भागात अशी घरे आहेत. मी त्यांपैकीच एका घरातली. वडील मूलकडचे, आजोळ सिरोंच्याचे.

गोदावरी-प्राणहितेच्या संगमाजवळचा सिरोंचा भाग १८७४ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला व तो त्यात आला. जिल्हे बदलले, पण तेथील घराघरांतील तेलुगू बोली टिकली आणि नदीपलीकडची सोयरीकही.

वास्तविक पंचांग एकच आहे. दोघांचाही महिना अमावास्येस संपतो. म्हणून गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. आपण कडुनिंब व गूळ खातो. तेथे कडुनिंबाचा मोहर, गूळ, चिंच, कैरी, मीठ व तिखट यांची सहा चवींची पच्चडी करतात. दसऱ्याला आपण आपट्याचे सोने देतो, ते शमीचे. असे सण एका घरात सुखाने नांदतात.

अडचण येते ती बतुकम्माची. भाद्रपद अमावास्येला, म्हणजे वडिलांकडे पितरांना पान वाढतात त्याच दिवशी, आईकडे फुले रचण्यास प्रारंभ होतो. तरवड, कुरडू, झेंडू यांचे थरावर थर रचून त्याभोवती स्त्रिया टाळ्या वाजवीत फेर धरतात व शेवटी ती फुले पाण्यात सोडतात. मोठा दिवस अष्टमीचा. आणि तेव्हा आमच्या घरी घट बसलेले, अखंड दिवा तेवत असतो. तो सोडून आईने माहेरी जावे कसे? कित्येक वर्षे ती गेलीच नाही. अखेर काकूंनी तोडगा काढला : "दिव्यात तेल मी घालीन, तुम्ही जा." आता एक वर्षाआड आम्ही सिरोंच्याला जातो.

पण खरी चिंता निराळीच आहे. फेर एकटीने धरता येत नाही आणि गाणी तेलुगूत आहेत. मला टाळीचा ठेका येतो, सर्व शब्दांचा अर्थ लागत नाही. भाषा गेली तर फुले उरतील, सण उरणार नाही. म्हणून सुटीत आजीकडून ती गाणी मी देवनागरीत उतरवून घेत आहे.

मित्रमैत्रिणींनो, "तू नक्की कोणाची?" असे मला पुष्कळदा विचारले जाते. ज्या मुलीला दोन आज्यांनी वाढवले, तिने एकीचे नाव का गाळावे?