काचेच्या पेटीतली जुळी घरी येईपर्यंत

बाळंतीण घरी यायची ती बाळ घेऊनच, असं आपण धरून चालतो. पण जुळी असली की पुष्कळदा ती दिवस भरण्याआधीच येतात. मग आईला घरी जायला सांगतात आणि बाळं राहतात दवाखान्यात, काचेच्या पेटीत. इकडे दोन टोपरी, दोन अंगडी तयार, आणि पाळणा रिकामा! अशा वेळी आईनं नुसती वाट पाहायची का? छे! उलट, या दिवसांत तिच्याइतकं काम दुसऱ्या कुणालाच नसतं.

बाळं तिथं का आहेत, हे आधी समजून घ्या. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबी कमी, म्हणून ऊब टिकत नाही. फुप्फुसं कच्ची असतात, श्वास मध्येच थांबतो. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर बारीक नळीनं दूध द्यावं लागतं. 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही,' असं एखादी मावशी हमखास सांगेल. मनावर घेऊ नका. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

पहिलं काम दुधाचं. बाळं अंगावर पीत नसली तरी दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हात स्वच्छ धुऊन दूध काढायचं. जितकं काढाल तितकं येतं, म्हणून 'दोघांना कसं पुरणार' ही चिंता सोडा. दूध झाकणाच्या स्वच्छ भांड्यात, वर वेळ लिहून ठेवावं. बाहेर चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस टिकतं. आईला दूध येईपर्यंत काही ठिकाणी दुग्धपेढीचं दूध मिळतं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली अशी पेढी सुरू केली.

दुसरं काम उबेचं. बाळाला फक्त लंगोट-टोपी घालून आपल्या उघड्या छातीशी उभं धरायचं आणि वरून कापड गुंडाळायचं. याला 'कांगारू' पद्धत म्हणतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही युक्ती काढली. २०२२ मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेनं जन्मल्यापासूनच ती सुरू करा, असं सांगितलं. जुळ्यांच्या घरी एक बाळ आईकडे, दुसरं वडिलांकडे! पुरुषमाणसांना सुरुवातीला संकोच वाटतो. वाटू द्या, पण बसवा त्यांना.

आता अवघड गोष्ट. दोन्ही बाळं एकाच दिवशी घरी येतीलच असं नाही. माझ्या धाकट्या जावेची मुलगी आधी आली, मुलगा अकरा दिवस मागं राहिला. मुलीला घेतलं की मुलासाठी जीव तुटे, आणि दवाखान्यात गेली की मुलीसाठी. शेवटी घरानं वेळा वाटून घेतल्या: दुपारी ती मुलाजवळ, तेव्हा मुलगी आजीजवळ, संध्याकाळी आमचे भावजी मुलाला छातीशी धरून बसत. डोळ्यांतलं पाणी काही थांबलं नाही, पण दूध आटलं नाही. बाळंतिणीचं रडणं दोन आठवड्यांपुढेही चालू राहिलं, तिला झोप-जेवण नकोसं झालं, तर मात्र तिच्याबद्दलही डॉक्टरांना सांगा.

रोज वजनाच्या आकड्यावर जीव टांगू नका. पहिल्या दिवसांत वजन उतरतं, मग हळूहळू भरून येतं. नळीशिवाय दूध पिणं, वजन सतत वाढणं, पेटीबाहेर अंग गरम राहणं आणि श्वास न अडखळणं, एवढं जमलं की घर जवळ आलं समजा.

निघण्याआधी डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख नक्की विचारा. २ किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची ही तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हायलाच हवी. ती चुकली तर दृष्टी जाऊ शकते. कानांची तपासणीही करून घ्या.

घरी आल्यावर धुरी, काजळ, गुटी, मध, वरचं पाणी, काही नको. बाटलीऐवजी वाटी-चमचा बरा. निजवायचं ते उताणंच. दूध न पिणं, पोट गार लागणं, भराभर श्वास, ओठ निळसर, तळपाय पिवळे, यातलं काही दिसलं तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठा.

आणि शेजारच्या बाळाशी तुलना नको. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा धरावी. लशी मात्र डॉक्टर सांगतील तशा जन्मतारखेवरून.

राहता राहिलं बारसं. ते बाराव्या दिवशीच व्हायला हवं असं कुठाय? बाळं चांगली बाळसं धरू देत. पाहुण्यांना तोवर फोनवरच गोड बोलून थोपवा. दोन नावं ठरवायला घरात वेळही हवाच की!