दख्खनचं नाव, सायबेरियाचं घरटं

दिवाळीच्या सुमारास धामचं पाणी निवळतं आणि पवनारला विनोबांच्या आश्रमाखालच्या खडकांवर धोबी दिसू लागतात. चिमणीहून जरा लांबट, काळा-पांढरा-राखी पक्षी. शेपटी सतत वरखाली, चाल भरभर, आणि उडताना 'चिझिक् चिझिक्' असा दुहेरी आवाज. वर्ध्यात नदी, तलाव किंवा ओलिताचं शेत जवळ असलेल्या माणसाला हा पाहुणा माहीत असतोच. पण त्यातला कोणता कुठून आला हे चेहऱ्यावरून वाचता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गेली कित्येक वर्षं मला याच गोष्टीचं वेड आहे. उपजाती म्हणजे काय, ती कोण ठरवतं आणि कशावरून, हा सारा विषय या एका पक्ष्याच्या चेहऱ्यावर शिकता येतो.

थोडी पार्श्वभूमी आधी उरकून घेतो. लिनियसने १७५८ साली प्राण्यांच्या दोन शब्दी नावांची पद्धत पक्की केली. एकाच जातीचे प्राणी प्रदेशाप्रदेशांत थोडे वेगळे दिसतात, हे पुढे संग्रह वाढले तसं लक्षात आलं आणि एकोणिसाव्या शतकात दोन शब्दांना तिसरा जोडण्याची रीत पडली. हा तिसरा शब्द म्हणजे उपजाती. प्राण्यांच्या नामकरण संहितेत जातीच्या खाली एवढी एकच पायरी मानली जाते. वनस्पतींच्या संहितेत उपजाती, प्रकार, रूप अशा अनेक आहेत. उपजाती वेगळी मानायची तर तिचा प्रजननाचा प्रदेश वेगळा हवा, तिच्यातले बहुसंख्य जीव शेजारच्या गटापासून ओळखता यायला हवेत आणि दोन गट भेटतात तिथे त्यांचा संकर होऊ शकायला हवा. संकर होईनासा झाला, तर ती स्वतंत्र जातीच म्हणायची. 'बहुसंख्य' म्हणजे किती? डीन अमाडॉन या पक्षीशास्त्रज्ञाने १९४९ साली ७५ टक्क्यांचा निकष मांडला. एका गटातले किमान तीन चतुर्थांश नमुने दुसऱ्या गटातल्या जवळजवळ सगळ्या नमुन्यांपासून वेगळे काढता आले पाहिजेत. पार्श्वभूमी इतकी पुरे.

आता धोब्याकडे येऊ. पवनारच्या खडकावर आधी कवड्या धोबी बाजूला काढायचा. तो बारमाही इथलाच, अंगाने मोठा, डोकं आणि पाठ काळी, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. ती जातच वेगळी. उरतो तो थंडीतला पाहुणा पांढरा धोबी, मोटासिला अल्बा. याच्या साधारण नऊ उपजाती मानल्या जातात आणि त्यांतला मुख्य फरक डोक्याच्या, गळ्याच्या आणि पाठीच्या रंगात आहे. पाठ राखी, गाल स्वच्छ पांढरे आणि डोक्याचा मागचा भाग काळा असेल, तर तो पश्चिम सायबेरियाकडचा. पाठ राखीच, पण गाल आणि मानेच्या बाजू काळ्या आणि त्या काळ्यात कपाळ-डोळ्यांभोवती पांढरा मुखवटा बसवलेला असेल, तर तो मध्य आशियातला 'पर्सोनाटा'. पाठच काळी, चेहरा आणि गळा पांढरा असेल तर चीनकडचा 'ल्युकॉप्सिस'. पाठही काळी आणि चेहऱ्यावर मुखवटाही असेल तर हिमालयातला 'अल्बॉइडिस'. डोळ्यातून जाणारी बारीक काळी रेघ दिसली तर ईशान्य सायबेरियातला 'ऑक्युलॅरिस'. थंडीत बहुतेकांचा गळा पांढरा पडतो आणि छातीवर काळी चंद्रकोर तेवढी उरते, त्यामुळे नोव्हेंबरात ओळख अवघड जाते. मार्चमध्ये, परतण्याआधी, ते नवा पोशाख चढवतात. ज्यांना ही विद्या शिकायची आहे त्यांनी मार्चमध्ये नदीवर जावं.

एकाच खडकावर दोन उपजातींचे पक्षी शेजारी बसतात, मग त्यांचा प्रदेश वेगळा कसा, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. प्रश्न अगदी नेमका आहे. उपजातीचा प्रदेश घरट्यावरून ठरतो. हिवाळ्यातला मुक्काम त्यात धरत नाहीत. धामच्या काठावर त्यांची गाठ पडते, पण जोडीदार निवडायला प्रत्येक जण आपापल्या मुलखात परततो. म्हणूनच शास्त्रज्ञाला संग्रहातल्या पक्ष्याला बांधलेली चिठ्ठी रंगाइतकीच महत्त्वाची वाटते. मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात मी धोब्यांचे खण पाहिले, तेव्हा पक्ष्यांपेक्षा त्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवर माझी नजर अधिक रेंगाळली. गाव, तारीख, नर की मादी. या तीन नोंदी नसतील तर कितीही देखणा नमुना उपजातीच्या कामाला येत नाही. पंखाची लांबी, शेपटी, चोच हे सगळं मोजायचं, पण एकाच ऋतूतल्या, एकाच वयाच्या, एकाच लिंगाच्या पक्ष्यांची आपसात तुलना करायची. असे पुष्कळ नमुने मांडीवर आल्यावरच फरक गटाचा की एकट्या पक्ष्याचा, हे कळतं.

इथे कर्नल विल्यम हेन्री साईक्स यांच्याबद्दल लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. मुंबई सरकारने १८२४ साली या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमलं. जमीन, पीक, लोकसंख्या मोजता मोजता त्यांनी पशुपक्षीही टिपले. वर्धा तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होता, त्यामुळे त्यांच्या पाहणीत आला नाही, पण त्यांनी दिलेली नावं आज वर्ध्याच्या रानात हिंडतात. त्यांनी वर्णन केलेला लांडगा आज 'कॅनिस लुपस पॅलिपीस' या उपजातीच्या नावाने ओळखला जातो. बोरच्या जंगलातल्या कोळसुनांना, म्हणजे रानकुत्र्यांना, 'दुखुनेन्सिस' हे नाव १८३१ साली त्यांनीच दिलं. सह्याद्रीतल्या शेकरूचं 'एल्फिन्स्टनी' हे नावही त्यांचंच. १८३२ साली त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात पांढऱ्या गालांचा राखी धोबी 'दुखुनेन्सिस' म्हणून आला आणि निळसर राखी डोक्याच्या एका पिवळ्या धोब्याला भीमा नदीवरून 'बीमा' हे नाव मिळालं. आज कझाकस्तानच्या गवताळ पठारावर हा पिवळा धोबी घरटं करतो, तेव्हाही तिथल्या पक्षीनिरीक्षकाच्या वहीत भीमेचंच नाव असतं. मला याचा फार आनंद वाटतो.

साईक्स यांनी हा दुखुनेन्सिस धोबी पाहिला तो हिवाळी मुक्कामावर. त्याचं घरटं कुठे, हे त्यांच्या यादीवरून कळण्यासारखं नव्हतं. पुढे कळलं की तो युरोपातल्या 'अल्बा'चा पूर्वेकडचा सख्खा शेजारी आहे. पाठ थोडी फिकट, पंखावर पांढरा थोडा जास्त, बस. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना हा बदल हळूहळू होतो, मध्ये कुठे भिंत नाही. पेर आल्स्ट्रॉम आणि क्रिस्टर मिल्ड यांनी २००३ सालच्या आपल्या ग्रंथात दुखुनेन्सिसला अल्बातच सामावून घेतलं. काही याद्या त्याला आजही वेगळं मानतात. दोन्ही बाजूंचे अभ्यासक तेच पक्षी पाहतात. सलग बदलाच्या उतारावर रेघ मारायची की नाही, एवढाच त्यांचा वाद. ई. ओ. विल्सन आणि डब्ल्यू. एल. ब्राऊन यांनी १९५३ सालीच उपजातीच्या कल्पनेवर याच मुद्द्याने हल्ला चढवला होता. रंगाचा उतार एका दिशेने जातो, आकाराचा दुसऱ्या, मग रेघ कोणत्या गुणावर मारायची?

जनुकं तपासली की वाद मिटेल, अशी आशा होती. धोब्यांनी तीही पुरवली नाही. पिसांवरून केलेले गट आणि जनुकांवरून निघालेले गट एकमेकांशी जुळत नाहीत. सायबेरियाच्या दक्षिणेला अल्बा आणि पर्सोनाटा भेटतात तिथे त्यांची मिश्र पिल्लं होतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या संकरपट्ट्यातल्या पक्ष्यांचा जीनोम वाचला गेला, तेव्हा डोक्यावरच्या रंगाचा हा सारा थाट जीनोमच्या अगदी मोजक्या, छोट्या भागांशी निगडित असल्याचं दिसलं. बाकी जीनोम बराचसा सारखा. डोळ्याला इतका ठळक वाटणारा मुखवटा रक्ताच्या हिशेबात एवढासा निघाला. म्हणून मी पुन्हा सांगतो, एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही. पीस, माप, आवाज, नकाशा आणि जनुक, सगळ्यांना एकत्र बसवायचं.

वाघाच्या बाबतीतही हेच घडलं. बोर अभयारण्य १९७० सालचं, २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. इथल्या वाघाला आपण बंगाल वाघ म्हणतो. वाघाच्या आठ-नऊ उपजाती अनेक वर्षं पुस्तकांत होत्या. २०१७ साली जागतिक मार्जार तज्ज्ञ गटाने त्या दोनवर आणल्या, आशियाच्या मुख्य भूमीवरचा एक आणि सुंदा बेटांवरचा दुसरा. पुढच्याच वर्षी ३२ वाघांच्या पूर्ण जीनोमचा अभ्यास आला आणि त्यात सहा वेगळे गट दिसले. त्यांचे समान पूर्वज सुमारे १ लाख १० हजार वर्षांपूर्वीचे. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, कारण कवटी आणि पट्टे यांच्यापेक्षा पूर्ण जीनोमची साक्ष मोठी आहे. हा वाद व्यवहाराचा आहे. मुख्य भूमीवरचा सगळा वाघ एकच मानला, तर एका देशात संपलेल्या वाघाच्या जागी दुसरीकडचा आणून सोडणं सोपं जातं. वेगळे गट मानले, तर प्रत्येक गट त्याच्या जागीच टिकवावा लागतो.

गावातल्या माणसाला उपजाती म्हणजे काय हे समजावताना मी गवळाऊ गायीकडे वळतो. आर्वी, कारंजा, आष्टी तालुक्यांतली ही पांढरी, चपळ गाय. हेटीकुंडीच्या फार्मवर मी ती डोळे भरून पाहिली आहे. गवळाऊ ही उपजात नव्हे. माणसाने निवडून, जोपासून घडवलेला तो वंश. प्राण्यांच्या संहितेत अशा वंशाला शास्त्रीय नाव मिळत नाही, त्याची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत होते. खरा शास्त्रीय प्रश्न एक पायरी वर आहे. वशिंडाची गाय आणि जर्सीसारखी बिनवशिंडाची गाय एकाच जातीच्या की वेगळ्या? लिनियसने दोन जाती केल्या. आज अनेक जण त्यांना एकाच जातीच्या उपजाती मानतात, कारण त्यांचा संकर सुखाने नांदतो. तरी त्यांचे रानटी पूर्वज काही लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले आणि दोघांचं वाय गुणसूत्रही आकाराने निराळं असतं. संकरित वळूची बापाकडची बाजू कोणती, हे सूक्ष्मदर्शकाखाली तेवढ्यावरून सांगता येतं.

वनस्पतींसाठी लांब जायला नको, हिंगणघाट आहे. ब्रिटिश काळात या गावाचं नाव परदेशच्या बाजारात उत्तम देशी कापसाचं नाव म्हणून चालत असे. लांब, मऊ धाग्याची ती बनी कपाशी. आखूड, जाड धाग्याची पण भरघोस पिकणारी जरी कपाशी पुढे तिच्यावर कुरघोडी करत गेली. देशी कपाशीच्या अशा प्रकारांना जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्वतंत्र जातींची नावं दिली होती. १९४० च्या दशकात जोसेफ हचिन्सन आणि आर. ए. सिलो यांच्या कामातून ते सारे गॉसिपियम आर्बोरियम या एकाच जातीत आले आणि जातीच्या आत प्रदेशानुसार सहा वंश मांडले गेले. दक्षिणेकडच्या पठारावरचा वंश 'इंडिकम'. कसोटी संकराची. देशी प्रकार एकमेकांत मिसळून सुपीक बी देतात. अमेरिकन कपाशीशी मात्र हे जमत नाही, कारण देशीत २६ गुणसूत्रं आणि अमेरिकनमध्ये ५२. पानाच्या खाचा आणि फुलाचा रंग पाहून केलेल्या अनेक जाती या हिशेबापुढे टिकल्या नाहीत. आज वर्ध्याच्या शेतात बहुतेक अमेरिकन बीटीच उभी आहे. उन्हाताणाला तोंड देणारी देशी वाणं हातची गेली, तर जातीचं नाव यादीत राहील आणि तिची या मातीतली शाखा संपेल.

उपजातीची रेघ माणूस मारतो, हे खरं. नवा पुरावा आला की ती पुसतो, सरकवतो. त्यात शास्त्राचा कमीपणा नाही, कारण रेघेखालचा फरक खराच असतो. रेघ कुठे मारायची ते तज्ज्ञ ठरवतील. फरक टिपायचं काम मात्र इथे राहणाऱ्यालाच करावं लागेल. या थंडीत धोबी दिसला तर 'धोबी दिसला' एवढंच लिहू नका. गाल काळे की पांढरे, पाठ राखी की काळी, गाव कोणतं, तारीख कोणती, तेही लिहा, आणि फोटो बाजूने काढा. पंचवीस वर्षांनी मध्य आशियातला मुखवट्याचा धोबी वर्ध्यात वाढला की घटला, असं कोणी विचारलं, तर त्याचं उत्तर या नोंदींतूनच मिळेल.